वाटाण्याचे पाणी आणि बुरशीजन्य रोग: किती, केव्हा आणि कसे द्यावे

वाटाण्यावर डाग दिसले, पाने पांढरी पडली किंवा झाडे माना टाकू लागली की पहिला प्रश्न येतो, "काय फवारू?" गेल्या पंधरा दिवसांत पाणी कधी दिले, किती वेळ दिले आणि ते साचले कुठे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. वाटाण्याच्या बहुतेक बुरशीजन्य रोगांची सुरुवात याच उत्तरात दडलेली असते.

"पाणी जास्त झाले की रोग येतो" हे वाक्य अर्धेच खरे आहे. भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा रोग, कोरड्या हवेत जोर धरते. मर, म्हणजे झाड कोमेजून वाळवणारा रोग, झालेल्या झाडाला पाण्याचा ताण बसला तर ते आणखी लवकर जाते. म्हणून पाणी सरसकट तोडणे हा उपाय ठरत नाही. माझ्या मते दोन गोष्टींचा हिशोब ठेवला तर बाकीचे निर्णय सोपे होतात: पान सलग किती तास ओले राहते, आणि मुळांभोवतीची माती किती तास गच्च राहते. एकूण किती मिलिमीटर पाणी दिले हे त्यानंतर येते. तेवढेच पाणी दोन वेगळ्या वेळांना, दोन वेगळ्या पद्धतींनी दिले तर शेजारशेजारच्या दोन वाफ्यांत रोगाचे चित्र अगदी निराळे दिसू शकते.

पाणी कमी-जास्त झाले की झाडात आणि मातीत काय घडते

मातीच्या पोकळ्यांत पाणी भरून राहिले की हवा बाहेर जाते. वाटाण्याची मुळे आणि मुळांवरच्या गाठी या दोघांनाही प्राणवायू लागतो, आणि पाणी साचणे सहन न होणाऱ्या पिकांत वाटाणा बराच वर आहे. हवेविना गुदमरलेली मुळे साखर आणि मद्यार्कासारखी द्रव्ये मातीत सोडू लागतात. पिथियम आणि अफॅनोमायसिस यांचे शेपटीवाले, पोहणारे बीजाणू असतात. मातीत पाण्याची सलग वाट मिळाली की ते या द्रव्यांच्या मागावर पोहत थेट मुळाशी पोहोचतात. म्हणजे साचलेले पाणी एकाच वेळी मूळ दुबळे करते, बुरशीला मुळाचा पत्ता देते आणि तिथवर जायचा रस्ताही देते.

वरच्या बाजूला गोष्ट वेगळी आहे. करपा, केवडा, तांबेरा या पानांवरच्या रोगांच्या बीजाणूंना पानावर रुजायला पाण्याचा पातळ थर लागतो. हा थर दवाने तयार होतो, पावसाने होतो किंवा तुषार संचाने. बुरशीला त्यात फरक नाही. तिला फक्त तो थर सलग काही तास टिकलेला हवा असतो.

तिसरा परिणाम हळू होतो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फुलोऱ्याआधी भरपूर पाणी आणि वर नत्र मिळाले की वेल माजतो, दाटतो आणि लोळतो. लोळलेल्या वेलाखाली वारा फिरत नाही. सकाळी साडेनऊला शेतात जाऊन वरची पाने चाचपली तर ती कोरडी लागतात, पण हात वेलाच्या आत, जमिनीपासून वीतभर उंचीवर घातला तर तो ओला होऊन बाहेर येतो. करपा आणि पांढरी बुरशी (ही भुरी नव्हे, खोडकूज) पहिल्यांदा तिथेच दिसते. महिन्याभरापूर्वी दिलेल्या जादा पाण्याची किंमत अशी फुलोऱ्यात मोजावी लागते.

कोणता रोग कोणत्या पाण्याचा

भुरीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. एरिसिफे पिसी ही ती बुरशी. तिच्या बीजाणूंत स्वतःचे पाणी असते, त्यामुळे पान कोरडे असले तरी ते रुजतात. उलट पानावर पाणी उभे राहिले तर ते नीट रुजत नाहीत, फुटतात किंवा धुऊन जातात. दिवसा कोरडी, उबदार हवा आणि रात्री थंडावा असा काळ तिला मानवतो. म्हणूनच ठिबकावरच्या, पाऊस न लागलेल्या आणि उशिरा पेरलेल्या वाटाण्यावर भुरी जास्त दिसते, आणि तुषारावरच्या पिकात ती तुलनेने कमी राहते. आता कुणी भुरी घालवायला रोज तुषार चालवला तर भुरी कमी होईल, पण करपा आणि तांबेरा वाढेल. तसा सौदा करू नये.

करपा हा एक रोग नाही, तीन बुरश्यांचा संच आहे: अस्कोकायटा पिसी, डिडिमेला पिनोडिस आणि डिडिमेला पिनोडेला. पाने, खोड, शेंगा या सर्वांवर तपकिरी-जांभळट डाग पडतात, खोडाचा बुडखा काळा पडतो. याचे बीजाणू पाण्याच्या थेंबाबरोबर उडून खालच्या पानावरून वरच्या पानावर जातात. २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल तर ओल्या पानावर ते काही तासांत रुजतात. तुषाराचे मोठे थेंब या रोगाचे वाहन बनतात. रोग बियाण्यातूनही येतो आणि मागच्या पिकाच्या धसकटांतूनही.

केवड्याला थंडी आणि ओल दोन्ही हवेत. पानाच्या वरच्या बाजूला पिवळट चट्टा आणि बरोबर त्याच्या खाली करड्या-जांभळ्या रंगाची लव ही त्याची खूण. ५ ते १५ अंश तापमान आणि बारा-बारा तास ९० टक्क्यांवर राहणारी आर्द्रता मिळाली की तो पसरतो. धुक्याच्या दिवसांत संध्याकाळचे पाणी म्हणजे केवड्याला आमंत्रण.

तांबेऱ्याला मध्यम उष्णता, साधारण २० ते २५ अंश, आणि दमट हवा लागते. दवाचे पाणीही त्याला पुरते. त्यामुळे पाणी व्यवस्थापनाने तो कमी होतो, थांबत नाही.

पांढऱ्या बुरशीकडे, म्हणजे स्क्लेरोटिनिया खोडकुजीकडे, विशेष लक्ष द्यायला हवे, कारण हा रोग जवळजवळ पूर्णपणे पाण्याच्या पाळ्यांवर चालतो. तिचे उंदराच्या लेंडीसारखे काळे, कठीण दाणे मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात. वरची चार-पाच सेंटिमीटर माती सलग आठ-पंधरा दिवस ओली राहिली, सावली आणि गारवा मिळाला की त्या दाण्यांतून फिकट तपकिरी रंगाच्या, काही मिलिमीटर रुंदीच्या लहान छत्र्या उगवतात आणि बीजाणू हवेत सोडतात. हे बीजाणू निरोगी हिरव्या खोडात सहसा शिरत नाहीत. त्यांना गळालेल्या, सुकत चाललेल्या पाकळ्या लागतात. पाकळी ओल्या खोडाला चिकटली की तिथून कुज सुरू होते. ही साखळी कुठे तोडायची ते पुढे फुलोऱ्याच्या टप्प्यात सांगतो.

मुळांचे रोग हे वेगळे कुटुंब. पिथियम बी आणि कोवळे रोप कुजवतो. अफॅनोमायसिस मुळाची साल सडवतो. दोघांनाही गच्च पाणी हवे. फ्युझॅरियम सोलानी ही मूळकुज दबलेल्या, तापलेल्या जमिनीत वाढते, आणि मूळ आधीच अर्धे गेलेले असल्याने पुढे ताण बसला की झाड तग धरत नाही. मर रोगाची फ्युझॅरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. मर असलेल्या शेतात पाणी वाढवून झाड उठत नाही, आणि पाणी तोडल्याने वाचतही नाही. तिथे प्रतिकारक वाण आणि बेवड, म्हणजे पिकांची फेरपालट, हेच खरे इलाज आहेत.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पिथियम, अफॅनोमायसिस आणि केवड्याचा पेरोनोस्पोरा हे शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. म्हणून कार्बेन्डाझिमसारखे औषध त्यांच्यावर चालत नाही. ओल्या जमिनीत रोपे कुजत असताना नुसत्या कार्बेन्डाझिमची आळवणी केली, म्हणजे औषधाचे पाणी बुडाशी ओतले, तर पैसा जातो आणि जमिनीत आणखी पाणी ओतले जाते.

पहिली पायरी: पेरणीआधी निचरा तपासा

शेताच्या सर्वांत सखल कोपऱ्यात हात-दीड हात खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरून पाण्याची पातळी किती वेळात खाली जाते ते बघा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभे असेल तर ती जागा सपाट वाफ्यात वाटाणा घेण्याची नाही. गादीवाफा किंवा रुंद वरंबा करा, उंची किमान १५ सेंटिमीटर ठेवा आणि शेताच्या खालच्या अंगाला पाणी बाहेर काढणारा चर आधीच खणून घ्या. पावसाच्या दिवशी तो खणता येत नाही.

खड्ड्याच्या भिंतीकडेही नीट बघा. नांगराच्या तळाच्या खोलीवर कडक, चपट्या ढेपांचा थर दिसला तर पाणी त्यावर अडकणार आणि मुळेही तिथेच आडवी वळणार. हा थर पीक उभे असताना फुटत नाही. तो आधी, जमीन कोरडी असताना फोडावा लागतो.

ओळी शक्यतो नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेला समांतर घ्या. उपलब्ध असेल तर ज्या वाणांत पानांच्या जागी तणावेच जास्त असतात, असे अर्धपर्णहीन वाण निवडा. ते एकमेकांना धरून उभे राहतात, कमी लोळतात आणि लवकर सुकतात. उंच वेलीच्या वाणाला आधार द्या. बियाण्याचे प्रमाण वाढवून दाट पेरणी करण्याचा मोह टाळा, कारण दाट पिकात कितीही मोजून पाणी दिले तरी आतली ओल हटत नाही.

दुसरी पायरी: ओलावून, वाफशावर पेरा

कोरड्यात पेरून वर पाणी सोडणे ही वाटाण्यातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. वाटाण्याचे बी पाणी पिताना बाहेर साखर सोडते, आणि सालीला तडा गेलेले बी तर खूपच सोडते. अशा वेळी माती गच्च असेल तर पिथियम पहिल्या एक-दोन दिवसांतच बी गाठतो. वर पापुद्रा धरतो तो वेगळा.

म्हणून आधी जमीन भिजवा, वाफसा (जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिल्याची स्थिती) येऊ द्या आणि मग पेरा. वाफसा ओळखायला पेरणीच्या खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांत पाणी सुटता कामा नये, आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर आणखी थांबा. पेरणी दोन दिवस पुढे गेल्याने होणारे नुकसान उगवण निम्म्यावर येण्यापेक्षा नक्कीच कमी असते.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग जैविक घटक हा क्रम ठेवा. ट्रायकोडर्मा किंवा रायझोबियम वापरणार असाल तर ते बुरशीनाशकाबरोबर जुळते का, हे दोन्हींच्या लेबलवर वाचा.

तिसरी पायरी: फुलोऱ्यापर्यंत हात आखडता ठेवा

उगवण नीट झाली की कळ्या दिसेपर्यंत वाटाण्याला फार पाणी लागत नाही. या काळात झाड लहान असते आणि त्याची रोजची गरज भर बहरातल्या गरजेच्या निम्मीही नसते. मुळे खाली जाण्यासाठी वरची माती थोडी सुकू दिली पाहिजे. हलक्या जमिनीत मात्र पाने निस्तेज, निळसर दिसू लागेपर्यंत वाट पाहू नका. ताण द्यायचा तो सौम्य.

या टप्प्यात पाळी ठरवताना दिवस मोजण्याऐवजी माती बघा. १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत गोळा होत असेल तर पाणी नको. गोळा होता होता चुरत असेल तर द्या. टेन्शिओमीटर (माती किती सुकली ते सेंटिबारमध्ये दाखवणारे उपकरण; आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी) असेल तर हलक्या जमिनीत साधारण २५ ते ३० सेंटिबार आणि भारी जमिनीत ४५ ते ५० सेंटिबार वाचन आल्यावर पाणी द्यावे, हा आकडा सुरुवातीला धरून चालायला ठीक आहे.

चौथी पायरी: एका पाळीत किती, हे गणित करून ठरवा

गणित साधे आहे. मध्यम पोताच्या जमिनीत एक मीटर खोलीत पिकाला मिळू शकणारे पाणी सुमारे १५० मिलिमीटर धरा. कामाची मुळे ४० सेंटिमीटरपर्यंत असतील तर त्या थरात ६० मिलिमीटर पाणी मावते. वाटाण्याला यातले साधारण ३५ ते ४० टक्के संपले की पाणी द्यावे, म्हणजे सुमारे २४ मिलिमीटर. भर फुलोऱ्यात रोज ४ मिलिमीटर पाणी उडत असेल तर सहा दिवसांची पाळी झाली. जमीन हलकी असेल तर पाळी लहान आणि लवकर, भारी असेल तर मोठी आणि उशिरा.

तुषाराने दिलेल्या पाण्यातले सुमारे ७५ टक्के मुळांपर्यंत जाते असे धरले तर २४ साठी ३२ मिलिमीटर टाकावे लागतील. तुमचा संच तासाला किती देतो, हे पुस्तकातून घेऊ नका. शेतात आठ-दहा सरळ बाजूंचे डबे मांडा, एक तास संच चालवा आणि पट्टीने मोजा. तासाला ८ मिलिमीटर भरले तर चार तास झाले. याच डब्यांतून आणखी एक गोष्ट कळते: दोन तोट्यांच्या फवाऱ्यांची जिथे गाठ पडते तिथे जास्त पाणी पडत असू शकते, आणि करपा-कुजीचे ठिपके बरेचदा तिथूनच सुरू होतात.

पावसाचा अंदाज असेल तर थर पूर्ण भरू नका. २४ ऐवजी १८ द्या आणि पावसासाठी जागा ठेवा. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस पडून शेत दोन दिवस तुंबले, तर मूळकुजीची पायाभरणी तिथेच होते.

एक नियम मी फार मानतो: तेच पाणी कमी पाळ्यांत द्यावे. २४ मिलिमीटर एकदा दिले तर पान एकदा भिजते. सहा-सहा करून चारदा दिले तर चारदा भिजते आणि वरची माती कधीच सुकत नाही. पानांच्या रोगांना आणि पांढऱ्या बुरशीला दुसरा प्रकार मानवतो. उथळ किंवा फार भारी जमिनीत एका दमात सगळे जिरत नसेल तर दोन भाग करा, त्याहून जास्त तुकडे नकोत.

पाचवी पायरी: वेळ निवडा

समजा रात्री दहाला दव पडायला लागते आणि सकाळी साडेआठला पाने सुकतात. पान तसेही साडेदहा तास ओले असते. आता चार तासांचा तुषार संध्याकाळी पाच ते नऊ चालवला तर पान पाचपासून साडेआठपर्यंत, म्हणजे साडेपंधरा तास सलग ओले राहिले. तोच संच पहाटे साडेतीन ते साडेसात चालवला तर पाणी आधीच ओल्या पानावर पडते. सुकायला फार तर तासभर उशीर होतो आणि एकूण ओल साडेअकरा तासांच्या आसपास राहते. पाणी तेवढेच, वीज तेवढीच, पण बुरशीला मिळालेले चार तास काढून घेतले गेले.

पहाटे शक्य नसेल तर सकाळी उशिरा सुरू करून दुपारी संपवा, म्हणजे पाने उन्हात सुकतील. त्यात बाष्पीभवनाने थोडे पाणी जाईल, तो तोटा पत्करा. संध्याकाळचा तुषार मात्र दवाच्या आणि धुक्याच्या दिवसांत पूर्ण टाळा. ढगाळ हवा चालू असेल आणि माती अजून एक-दोन दिवस काढू शकत असेल तर पाळी पुढे ढकला.

ठिबकाला पान भिजत नाही, म्हणून घड्याळाची चिंता कमी होते. तिथे दुसरी काळजी घ्यावी लागते. रोज थोडा थोडा वेळ ठिबक सोडल्याने बुडख्याजवळची माती कायम ओली राहते. नळी खोडाला टेकवू नका, ओळीपासून पाच-आठ सेंटिमीटर दूर ठेवा. दोन ओळींच्या मध्ये एक नळी घेतली तर आणखी बरे. रोज सोडण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड जास्त वेळ सोडा आणि मधल्या दिवसांत बुडखा सुकलेला दिसतो का ते बघा. गळक्या जोडाजवळची चार-दोन झाडे मेलेली दिसली तर ती सूचना समजा.

सरीने पाणी देत असाल तर पाणी वरंब्याच्या निम्म्याच्या वर चढू देऊ नका आणि सरीच्या शेवटाला साचू देऊ नका. लांब सऱ्यांत वरच्या टोकाला ताण आणि खालच्या टोकाला डबके असे दोन्ही एकाच वेळी होते. सऱ्या आखूड केल्या की दोन्ही तक्रारी कमी होतात. सपाट वाफ्यात मोकाट पाणी सोडणे वाटाण्यासाठी सर्वांत वाईट. शिवाय एका वाफ्यातले वाहते पाणी मुळांच्या रोगाचे बीजाणू पुढच्या वाफ्यात नेते.

सहावी पायरी: फुलोरा ते शेंगा भरणे

आता पाणी तोडायचे नाही. फुलोरा आणि शेंगा भरणे हेच वाटाण्याचे पाण्याला सर्वांत नाजूक टप्पे आहेत. इथे ताण बसला तर फुले गळतात, शेंगेत दाणे कमी भरतात. रोगाच्या भीतीने या काळात पाणी बंद करणारे बरेच जण भेटतात. ते रोगापेक्षा जास्त नुकसान करून घेतात.

पण पांढऱ्या बुरशीचा धोकाही नेमका याच वेळी असतो. मार्ग असा: पहिली फुले उमलण्याच्या सुमारास एक पूर्ण पाळी द्या, आणि पुढच्या पाळीआधी वरची चार-पाच सेंटिमीटर माती दोन-तीन दिवस तरी सुकू द्या. खालच्या थरात ओल असते, झाडाला ताण बसत नाही. वरची माती सुकल्यावर काळ्या दाण्यांतून उगवू पाहणाऱ्या छत्र्या वाळून जातात. वेल इतका दाट असेल की माती दिसतच नाही, तर हात घालून खरवडून बघा. सावलीतली माती आपल्या अंदाजापेक्षा उशिरा सुकते.

भुरीची पाहणीही आता सुरू करा. खालच्या पानांच्या वरच्या बाजूला लहान पांढरे ठिपके दिसताच पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची फवारणी उपयोगी पडते. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर गंधकाने पाने भाजतात, म्हणून उन्हात फवारू नका. फवारणीनंतर लगेच तुषार चालवला तर औषध धुऊन जाते. आधी पाणी, पाने सुकल्यावर फवारणी, असा क्रम बसवा. कोणतेही औषध घेताना लेबलवर वाटाण्याचे नाव, प्रमाण आणि फवारणी ते तोडणी यांमधला थांबा बघा. हिरव्या शेंगा तर थेट खाल्ल्या जातात.

झाड आजारी दिसले तर: पाणी देण्याआधी उपटून बघा

कोमेजलेले झाड दिसले की पाणी सोडावेसे वाटते. थांबा. खुरप्याने मातीसकट एक झाड उचला, बादलीत हलकेच धुवा आणि मूळ उजेडात धरा. मूळ मधासारख्या तपकिरी रंगाचे, मऊ असेल आणि चिमटीत धरून ओढल्यावर साल निघून मधला दोरा हातात राहत असेल तर अफॅनोमायसिसची शक्यता मोठी. बी चिकटलेल्या जागेपासून खाली तांबूस-काळपट पट्टे उतरत असतील तर फ्युझॅरियम मूळकुज. मूळ वरून बऱ्यापैकी दिसते, पण खोड उभे चिरल्यावर आतल्या नळ्या पिवळट-नारिंगी किंवा विटकरी दिसतात, तर मर. मातीच्या पातळीशी खोडावर खोलगट, लालसर-तपकिरी व्रण असेल तर ऱ्हायझोक्टोनिया ही मातीतली आणखी एक बुरशी. मुळावरची एखादी गाठ नखाने फोडून बघा: आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे, हिरवट किंवा तपकिरी असेल तर जमीन गुदमरली होती किंवा गाठ जुनी झाली आहे.

आजारी झाडे शेतात कुठे आहेत, हेही तितकेच बोलके असते. सखल पट्टा, सरीचे शेवटचे टोक, गळका जोड, वाहनाच्या चाकोरीत दबलेली माती अशा ठिकाणी झाडे जात असतील तर कारण पाणी आणि निचरा. मर बहुधा ठिकठिकाणी, गोल चट्ट्यांत दिसते आणि त्या चट्ट्याचा पाण्याच्या उताराशी संबंध नसतो.

मूळकुज असेल तर पाणी पूर्ण बंद करू नका. उरलेली मुळे उथळ असतात, त्यांना खोल ओल मिळत नाही. साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवा, पाळीतले पाणी कमी करा आणि तात्पुरती पाळी थोडी लवकर आणा. एरवी सांगितलेल्या "कमी पाळ्या" या नियमाला हा अपवाद आहे. करपा किंवा केवडा असेल तर जमेल तिथे तुषार थांबवून सरीने पाणी द्या, नाहीतर निदान पहाटेवर आणा. ओल्या पिकात माणसे घालू नका. कपड्यांना आणि हाताला चिकटून करप्याचे बीजाणू ओळीओळीने पसरतात, म्हणून तोडणी पाने सुकल्यावर करा आणि पाणी तोडणीनंतर द्या.

शेवटच्या पाळ्या आणि पीक निघाल्यावर

हिरव्या शेंगांसाठी घेतलेल्या पिकाला तोड्यामागून तोडा निघेपर्यंत पाणी लागते. वाळलेल्या दाण्यासाठी असेल तर खालच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या की पाणी बंद करा. त्यानंतरचे पाणी दाण्यावर डाग आणि शेंगेवर काळी बुरशी आणते. तुषारावरच्या, करपा पडलेल्या पिकातले बी पुढच्या पेरणीला ठेवू नका.

हंगामभर एका वहीत पाळीची तारीख, सुरू-बंदची वेळ, सकाळी वेलाच्या आतली पाने कधी सुकली आणि रोग पहिल्यांदा कुठे दिसला, एवढे लिहा. जमल्यास शेताची एक पट्टी राखून तिला पाणी वेगळ्या वेळी द्या, बाकी सर्व तेच ठेवा. स्वतःच्या जमिनीवरचा फरक डोळ्यांनी बघितलेला असला की पुढच्या वर्षी निर्णय घेताना अडत नाही.

पीक निघाल्यावर करप्याची धसकटे शेतात उघडी पडू देऊ नका, गाडा किंवा गोळा करून बाहेर काढा. पांढरी बुरशी पडलेल्या शेतात पुढे उभ्या पाण्यातले भाताचे पीक घेता येत असेल तर जरूर घ्या, कारण काही आठवडे पाण्याखाली राहिलेले ते काळे दाणे कुजून मरतात. अफॅनोमायसिसच्या शेतात मात्र हा उपाय चालत नाही. त्याचे जाड भिंतीचे बीजाणू दहा वर्षांहून जास्त काळ मातीत जिवंत राहू शकतात. तिथे वाटाणा आणि मसूर दोन्ही किमान सहा-आठ वर्षे लांब ठेवा, आणि त्या शेतातून वाहून येणारे पाणी वाटाण्याच्या दुसऱ्या शेतात शिरणार नाही असा बांध घाला.